फ्यूज उडाला ती चार मिनिटं

आई गेली त्या वर्षी प्रफुल्ल तामोरेच्या लक्षात आलं, की आपण पंधरा वर्षं तिचं गाणं बुडवत आलो आणि त्याबद्दल लोक आपल्याला शाल-श्रीफळ देत आले.

प्रफुल्ल दांडीचा. आठवड्याचे सहा दिवस बोईसरला रंगाच्या कारखान्यात शिफ्ट, आणि लग्नसराईत 'दर्याराज बेंजो पार्टी'चा मुख्य वादक. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि जे काही निघेल ते अँप्लिफायरमधून माणसापेक्षा उंच अशा दोन स्पीकरांत सोडायचं, याला बेंजो म्हणतात. किनाऱ्यावर त्याच्याशिवाय लग्न होत नाही. होऊ शकतं, पण मग ते लग्न होतं की बारसं, हे शेजारच्या गावाला कळायला मार्ग नसतो.

त्याची आई गजरीबाय ही गावाची धवलारीण. नवरीला हळद लागण्याआधी मांडवात धवला म्हणायचा असतो. त्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून लग्नाचं आवतन जातं. भटजी नंतर येतात. लग्न खरं धवल्यानं लागतं, भटजी फक्त सही करतात, असं जुन्या बायकांचं मत आहे आणि भटजींनी ते कधी खोडून काढलेलं नाही. पुढची बाई अर्धी ओळ टाकते, तिच्यात ज्याला बोलवायचं त्याचं नाव असतं. मागची बाई उरलेली अर्धी ओळ उचलते, ती कायम एकच. पुढची गजरीबाय, मागची तिची मावसबहीण बायडी. तीस वर्षं ही जोडी होती.

मांडवाच्या आत या दोघी गायच्या आणि मांडवाबाहेर दहा पावलांवर गजरीबायचा मुलगा वाजवायचा. दोन्ही एकाच वेळी. यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. गजरीबायलाही वाटलं नसावं. निदान ती तसं बोलली नव्हती. कधीतरी जेवताना म्हणायची, "आज तुजा जरा जास्तच व्हता." प्रफुल्ल ती दाद समजायचा.

अश्विनात एका सकाळी ती बोंबील वाळत घालायला गेली आणि तिथंच वाळूवर टेकली. बायडीनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. प्रफुल्लची बायको हंसा तेव्हा आठव्या महिन्यात होती. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी मुलगी झाली, रिद्धी. गजरीबायनं बाळंतिणीसाठी सुंठ आणि डिंक आधीच आणून ठेवला होता. ते लाडू बायडीनं वळले. घरात एकापाठोपाठ सुतक आणि सोयर आल्यानं शेजाऱ्यांची पंचाईत झाली. कोणत्या चेहऱ्यानं यावं हे न कळून बरेच जण दोन्हींसाठी एकदाच येऊन गेले, आणि त्यांनी दारातून आत येताना एक चेहरा लावला, जाताना दुसरा.

रिद्धी ही प्रफुल्लच्या वादनाची पहिली निःपक्षपाती श्रोती. तिनं पहिल्याच सरावाला जो टाहो फोडला, त्यानंतर घरात अँप्लिफायर लावण्याचा प्रश्न उरला नाही. तो वायर न जोडता वाजवू लागला. बेंजोचा नुसता आवाज किती बारीक असतो, हे त्याला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कळलं. शेजारच्या घरात कोणी भाकरी थापत असेल तर तेही ऐकू यायचं. या वाद्याला कान लागतात ही बातमी त्याला बरीच उशिरा पोचली.

पौषात धाकट्या बहिणीचं, सपनाचं, लग्न ठरलं. मुलगा तारापूरचा, मेहुल. ठरलं म्हणजे सात वर्षांपासून ठरलेलंच होतं, घरच्यांना पौषात कळलं. आईच्या वर्षाच्या आत करून टाकावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, म्हणून वैशाखातली तारीख धरली. सपनाची एकच अट होती.

"दादा, धवला आयचाच पायजे."

"आय नाय सपना."

"मला म्हाईत हाय आय नाय. धवला तर हाय ना? दुसऱ्या गावची धवलारीण आणशील तर मी पालघरला जाऊन सही करून लगीन करीन. सांगून ठेवते."

"मेहुलला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचा? तो सही करायला कवाचा तयार हाय."

दांडीच्या धवल्याची चाल वेगळी, नावांचा क्रम वेगळा. कोणाआधी कोणाला बोलवायचं हे चुकलं तर मेलेली माणसं रागावतात की नाही ठाऊक नाही, पण जिवंत नातेवाईक नक्की रागावतात. ते सगळं गजरीबायच्या डोक्यात होतं. वहीत लिहिलेलं नव्हतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. कधी म्हणून दाखवलेलं नव्हतं, कारण मांडव नसताना धवला काढायचा नसतो.

प्रफुल्ल बायडीमावशीकडे गेला. ती अंगणात कोळीम, म्हणजे बारीक जवळा, वाळायला पसरत बसली होती.

"मावशी, तू तीस वरसं गायलीस. तुला तरी येत आसंल."

"माजा अर्धा येतं."

"आनि पुढचा?"

"पुढचा ती घेयाची. तवा मी दम घेयाची."

"पण कानावर तर पडत आसंल?"

बायडीनं मान वर केली. "कानावर तुजा बेंजो पडायचा."

प्रफुल्लनं थोडा वेळ कोळीम पसरायला मदत केली आणि घरी आला.

मग त्यानं लग्नांचे व्हिडिओ गोळा करायला सुरुवात केली. दांडीत आणि आसपासच्या पाड्यांत ज्यांच्या ज्यांच्या मांडवात आई गायली होती, त्या सगळ्यांकडून. कोणाकडे पेनड्राइव्ह होता, कोणाकडे जुना मोबाइल, कोणाकडे नुसतं आश्वासन. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो कानात इअरफोन घालून मोबाइलवर लग्नं बघत बसायचा. शेजारच्या मशीनवरचा गोरखपूरचा ऑपरेटर महिनाभर हे पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "तामोरे भाई, और कितनी शादियाँ देखोगे? एक तो हो चुकी है तुम्हारी."

एकतीस लग्नं झाली. एकतीसही लग्नांत आई दिसत होती. हिरवं लुगडं, कानावर हात, तोंड उघडं. आणि एकतीसही लग्नांत त्या उघड्या तोंडातून बेंजो ऐकू येत होता. वाजवलं चांगलं होतं, यात वाद नाही. एका ठिकाणी तर त्यानं अशी जागा घेतली होती, की आपल्याला हे येत होतं याचं त्यालाच नवल वाटलं. पण त्या जागेखाली आईच्या ओळीत कोणाचं नाव गेलं ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं.

हंसा पालघरची. स्टेशनजवळच्या इमारतीत वाढलेली, शाळेत गणित शिकवणारी. रडणाऱ्या माणसाला ती आधी प्रश्न नीट मांडायला सांगते.

"तुम्ही वाजवलं ती सगळी लग्नं बाद," ती रिद्धीला पाजता पाजता म्हणाली. "आई गायल्या, पण तुम्ही वाजवलं नाही, असं एक तरी असेल?"

"आय गायली नि मी वाजवला नाय असा कसा आसंल?"

"बरं. वाजवायला लागलात आणि मध्येच बंद पडलं, असं?"

प्रफुल्लला एक लग्न आठवलं. घरात त्या लग्नाचं नाव काढायचं नाही असा नऊ वर्षांचा दंडक होता, आणि हंसा घरात येऊन चारच वर्षं झाली होती.

नऊ वर्षांपूर्वी दांडीतल्या दीपिकाचं लग्न वाणगावच्या भावेशशी लागलं. ऐन धवल्याच्या वेळी प्रफुल्लच्या अँप्लिफायरचा फ्यूज उडाला. आधी सगळ्यांना वाटलं गावाची लाइट गेली. पण पंखे फिरत होते, ट्यूबलाइट जळत होत्या, मुकेपणा एकट्या प्रफुल्लला आला होता. वऱ्हाड वाणगावहून वाजत-गाजत आलेलं. भावेशचे काका तात्या यांनी भर मांडवात प्रफुल्लची, त्याच्या पार्टीची आणि अँप्लिफायर बनवणाऱ्याच्या खानदानाची अशी काही आरती केली, की प्रफुल्लनं त्या लग्नानंतर बेंजो कधी वाणगावच्या हद्दीत नेला नाही. तिकडे त्याचं नावही बदललं. वाणगावात त्याला 'फ्यूज' म्हणतात.

पुढच्या रविवारी फ्यूज वाणगावला गेला.

तात्या ओटीवर बसले होते. समोर भावेशची मिरचीची वाडी. तात्यांनी प्रफुल्लकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. नऊ वर्षं जी गोष्ट ते लोकांना सांगत आले होते, तिचा नायक आपल्या पायांनी चालत आला होता.

"तूच ना रं तो फ्यूज?"

"हो तात्या."

"भावेश! अगं दीपिका! बाहेर या, कोण आलाय बघा! नवीन बसवला का रं फ्यूज?"

"बसवला."

"मग आता काय, राहिलेलं वाजवायला आलास?"

भावेश हसत बाहेर आला. दीपिका पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि प्रफुल्लला पाहून थबकली. गजरीबाय गेल्याचं तिला माहेरून कळलं होतं. प्रफुल्लनं काय हवं ते सांगितलं. सांगायला त्याला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला. तात्यांनी हसू आवरलं, निदान आखडतं घेतलं.

"डीव्हीडी दोन होत्या," भावेश म्हणाला. मग तो वाडीकडे बघायला लागला. प्रफुल्लनंही पाहिलं. मिरचीच्या ओळींवर पाखरं बसू नयेत म्हणून दोरीला चकत्या टांगल्या होत्या. उन्हात चकाकत होत्या. त्यांतल्या एका चकतीवर लाल शाईत 'भावेश वेड्स' एवढं अजून वाचता येत होतं. उरलेलं पावसानं नेलं होतं.

प्रफुल्ल ओटीवरून उतरून त्या चकतीकडे निघाला.

"ती भाग दोन," दीपिका म्हणाली. "इथलं रिसेप्शन. भाग एक माझ्या माहेरचा. तो कपाटात आहे, साड्यांच्या खाली."

कोणता भाग पाखरांसमोर टांगायचा आणि कोणता साड्यांखाली ठेवायचा, हा निर्णय या घरात कोणी आणि कोणाला न विचारता घेतला होता, हे तात्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. "म्हणजे मी केलेलं भाषण तिकडं मिरचीत आहे?" त्यांनी विचारलं.

भावेशकडे जुना कॉम्प्युटर होता. चकती आत गेली, घरघरली, बाहेर आली, दीपिकानं पदरानं पुसली, पुन्हा आत गेली. मांडव दिसला. गजरीबाय दिसली. बेंजो ऐकू आला, दणदणीत. प्रफुल्लनं मान खाली घातली. तेवढ्यात आवाज तुटला.

आधी नुसता गलका. मग तात्यांचा आवाज, नऊ वर्षांनी तरुण, एकेक शब्द सुटा आणि स्पष्ट. ओटीवरचे तात्या भिंतीकडे बघत राहिले. आणि त्या शिव्यांच्या खालून गजरीबाय बोलली. कॅमेऱ्याकडे नाही, बायडीकडे वळून.

"बरा झाला बाय, बंद पडला एकदाचा. घे दम, आता नीट काढू."

आणि तिनं धवला पहिल्यापासून धरला.

*पयला आवतान गो, धरतरीमातेला.*

*ये गो माये ये, मांडवाच्या दारी,* बायडीनं उचललं.

चार मिनिटं. तिचा आवाज जाड होता, थोडा खरखरीत, आणि ओळीच्या शेवटी ती सूर सोडून न देता खाली ठेवायची, डोक्यावरची पाटी उतरवून ठेवावी तसा. धरतरी, दर्या, गावदेवी. मग दीपिकाच्या घरातले गेलेले. आजोबांचं नाव आलं तेव्हा दीपिका उठून आत गेली आणि नाक लाल करून परत आली. चकतीतले तात्या मध्ये दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले नाहीत. मांडवातला गलका हळूहळू बसला.

प्रफुल्ल मात्र दुसऱ्याच ठिकाणी बघत होता. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात एक माणूस बायकांकडे पाठ करून उकिडवा बसला होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर. जगात त्याला ऐकण्यासाठी म्हणून जी चार मिनिटं मोकळी ठेवली होती, ती तो फ्यूज शोधण्यात घालवत होता. फ्यूज मिळाला, बसला, आणि धवल्याच्या शेवटच्या ओळीवर बेंजो पुन्हा दणाणला. मांडवात टाळ्या पडल्या.

भावेशनं चकती बाहेर काढली.

"परत लाव," तात्या म्हणाले. आणि मग, "माझं तेवढं काढून टाकता येतं का रं?"

"नाय तात्या. आयच्या आवाजाला चिकटलाय."

"हां." तात्यांनी घसा साफ केला. "मग राहू दे."

निघताना दीपिकानं ती चकती आणि मिरच्या बांधून दिल्या. प्रफुल्लनं तात्यांना आणि भावेशला लग्नाचं आमंत्रण तिथंच दिलं. स्कूटरवरून येताना त्याच्या मनात एक विचित्र गोष्ट आली. त्या दिवशी चार आण्याची एक तार जळली नसती, तर आई आता कुठंच नसती. माणसानं कोणाकोणाचे आभार मानावेत याला काही सुमार नाही.

पुढचं काम खरं कठीण होतं. पहिला प्रश्न, चकती घरात लावायची की नाही, कारण मांडव नव्हता. बायडीमावशीनं विचार केला आणि निकाल दिला, "त्यात जो मांडव दिसतं तो चालंल." ऐकायची सोय झाली. म्हणायची मात्र नाही. दुसरा प्रश्न, म्हणणार कोण. सपना नवरी. बायडीला मागची सवय, पुढं व्हायला ती तयार नव्हती. घरात बाई म्हणून उरली हंसा.

"मी शाळेत प्रार्थनेलासुद्धा नुसते ओठ हलवते," हंसा म्हणाली. "मुख्याध्यापकांनीच सांगितलंय."

"तुला जमंल."

"तुम्हाला माझा आवाज माहीत आहे. खोटं बोलू नका."

"बरं, नाय जमणार. पण म्हण."

एवढ्या प्रामाणिकपणापुढं हंसाचा नाइलाज झाला. मांडवाशिवाय तोंडातून धवला काढायचा नाही, मग शिकवायचा कसा? त्यांनी त्याचे दोन तुकडे केले. चाल प्रफुल्ल बेंजोवर वाजवायचा, वायर न जोडता, शब्दांशिवाय. शब्द हंसा पाढ्यांसारखे म्हणायची, चालीशिवाय. तिनं आलेखाच्या कागदावर तक्ता केला: आवतन पहिलं, दुसरं, तिसरं, देव, मग माणसं, कोण कोणाच्या आधी आणि का. बायडीनं तो तक्ता उलटा धरून तपासला आणि दोन जागी दुरुस्ती सांगितली, दोन्ही बरोबर निघाल्या. कारण तीस वर्षं दम घेताना तिला नावं नाही, पण किती नावं गेली ते बरोबर कळत होतं. चाल आणि शब्द एकत्र येणार होते ते थेट लग्नाच्या दिवशी, तीनशे माणसांसमोर. कारखान्यात असं कोणी करायला गेलं असतं तर सुरक्षा अधिकाऱ्यानं काम थांबवलं असतं.

आणि एक ओळ राहिली होती. ती चकतीत असणं शक्य नव्हतं. आईनं जन्मभर लोकांच्या गेलेल्यांना बोलावलं, आता तिला बोलवायचं होतं. आधीच गेलेल्या वडिलांची, वामनची, ओळ सहावी. सातवी तिची. जुन्या चालीवर 'गजरीमायेला' बसत होतं, पण कोंबून बसत होतं, एसटीत तिसऱ्या माणसासारखं. प्रफुल्ल तीन आठवडे त्या ओळीमागं होता. कारखान्यात व्हॉल्व्हवर बोटं वाजवत, रिद्धीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत. शेवटी त्यानं चाल एका सुरानं वर नेली आणि मग आईसारखी खाली ठेवली. बसली. पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्यांची गाणी वाजवली होती. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच, आणि लांबी सांगायची तर पाच सेकंद. बेंजोवर ते वाजलं तेव्हा रिद्धी रडली नाही. समीक्षा म्हणून त्याला तेवढी पुष्कळ होती.

वैशाखात मांडव उभा राहिला. जांभळीच्या डहाळ्या, वर ताडपत्री. लग्नाच्या सकाळी हंसा हिरवं लुगडं नेसून बायडीशेजारी बसली, तक्ता मांडीखाली. प्रफुल्ल बाहेर आपल्या जागी, दहा पावलांवर, अँप्लिफायर बंद. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मांडवाकडे तोंड करून खुर्ची मांडली होती.

हंसानं सुरुवात केली ती दीड सूर वर. प्रफुल्लला ते दातात कळ जावी तसं लागलं. बायडीनं आपला अर्धा स्वतःच्या जुन्या पट्टीत उचलला, त्यामुळे प्रत्येक ओळ वरच्या मजल्यावर सुरू होऊन तळमजल्यावर संपू लागली. वऱ्हाडातून कोणीतरी ओरडलं, "बेंजो कुठाय? फ्यूज उडाला काय रं?" त्यावर मागच्या रांगेतून तात्यांनी जी शिवी हासडली ती मांडवभर ऐकू गेली, आणि नंतर कोणी काही विचारलं नाही.

दुसरं आवतन दर्याला. तिसरं गावदेवीला. हंसाचा आवाज कापत होता, पण क्रम चुकत नव्हता. चौथ्या ओळीला ती थोडी खाली आली. पाचवीला बायडी थोडी वर गेली. सहावीला, वामनच्या नावावर, दोघी एका मजल्यावर भेटल्या. पाटावर बसलेल्या सपनानं बापाचं नाव ऐकून ओठ दाबले. प्रफुल्लनं खुर्चीची कड घट्ट धरली. आता सातवी.

हंसानं श्वास घेतला, आणि बायडीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब पोरी. पुढं कोन?"

"आई," हंसा हळू म्हणाली. मांडवात इतकं सामसूम होतं, की ते बाहेरही ऐकू आलं.

"तिला नको."

"का?"

"तिचा वरस नाय झाला. ती आजून घरातच हाय." बायडीनं सांगितलं, जणू कोणी भाजीत मीठ आहे का विचारलं होतं. "घरातल्या मानसाला कोन आवतान धाडतं? ती काय पावनी हाय? चल, शेवटचा घे."

हंसानं बाहेर नवऱ्याकडे पाहिलं. प्रफुल्लनं होकारार्थी मान डोलावली. तिनं शेवटची ओळ घेतली, बायडीनं ती उचलली, हळद लागली, भटजींनी येऊन सही केली. मग प्रफुल्लनं बटण दाबलं आणि असा वाजवला, की तारापूरपर्यंत कोणाला शंका राहिली नाही. सपना सासरी जाताना म्हणाली, "दादा, वयनी जरा बेसूर व्हती." आणि त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली, की पुढचं वाक्य प्रशंसेचं होतं की तक्रारीचं, ते कळलं नाही.

पाहुणे पांगल्यावर प्रफुल्ल बायडीमावशीजवळ जाऊन बसला.

"मावशी, तीन आठवडे लागले ती ओळ करायला."

"मग ठेव की. नासते काय?"

"पण आता या घरात लगीन कोनाचा?"

बायडीनं पाळण्याकडे बोट दाखवलं. रिद्धी सहा महिन्यांची होती. म्हणजे ओळ वापरायला निदान चोवीस वर्षं होती. तोवर हंसाचा तक्ता टिकेल की नाही सांगता येत नव्हतं, बायडी तर नक्कीच नसणार होती, आणि स्वतःबद्दल त्याला फार खात्री देता येत नव्हती. हे सगळं वाईट वाटण्यासारखं होतं. त्याला मात्र, का कोण जाणे, आपल्याला कोणीतरी मोठी मुदत दिली असं वाटलं. आई घरातच आहे म्हटल्यावर घाई कसली? गेल्या सात महिन्यांत त्याला एकदाही हे सुचलं नव्हतं. तो तिला बोलवायचा मार्ग शोधत राहिला, आणि बायडीनं भर मांडवात सांगितलं की ती गेलीच नाही अजून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाला बळवंत टेम्पो घेऊन आला. खुर्च्या भरल्या, स्पीकर बाजूला केले, ताडपत्री खाली घेतली. डहाळ्या उरल्या, अर्धवट सुकलेल्या, त्यांतून ऊन पडत होतं. बळवंत शिडी लावून वर चढला आणि दोराच्या गाठीला हात घालणार, एवढ्यात त्याला खाली प्रफुल्ल दिसला. मांडवाच्या मधोमध मांडी घालून बसलेला, मांडीवर मुलगी. बेंजो जवळ नव्हता.

"प्रफुल्लभाऊ, सोडू ना?"

"थांब जरा."

"मला चिंचणीला जायचाय दुसऱ्या मांडवाला."

"मांडव हाय तवरच म्हनता येतं," प्रफुल्ल म्हणाला. "हिला आयच्या नावाची एक ओळ द्यायची हाय. सोडल्यावर नाय चालणार."

बळवंतनं शिडीवरून मुलीकडे पाहिलं. तिला ओळीपेक्षा बापाच्या शर्टाच्या बटणात जास्त रस दिसत होता.

"तिला काय कळतंय?"

"नाय कळू दे. पडू दे कानावर."

बळवंतनं सुस्कारा सोडला, शिडीच्या वरच्या पायरीवर बूड टेकलं आणि खिशातून तंबाखूची पुडी काढली. "म्हना," तो म्हणाला. "पण एकच हां."

प्रफुल्लनं कानावर हात ठेवला आणि म्हटली.